आमच्या घरचं अवलक्षण

माझ्या आईला म्हण एकच येते, आणि तीही अर्धी. पूर्ण म्हण सगळ्यांना ठाऊक आहे, ‘हात दाखवून अवलक्षण’. आईनं त्यातला हात काढून टाकला, दाखवणंही गाळलं, आणि उरलेलं अवलक्षण ती स्वयंपाकातल्या मिठासारखं दोन्ही वेळेला वापरते. पांढुर्ण्याच्या आमच्या घरात कोणी काही उद्योग करून आलं की आई हातातलं काम न थांबवता म्हणते, “झालं अवलक्षण.” राग नाही, आवाज चढवणं नाही. पटवाऱ्यानं कागदावर शिक्का मारावा तसं ती ते म्हणते आणि पुन्हा कणीक मळायला लागते.

मी सौसरला शाळेत शिकवते. आमच्या सीमेवरच्या भागात शाळा हिंदी, घर मराठी आणि बाजार दोन्ही, त्यामुळे जीभ दिवसभर गिअर बदलत असते. एकदा स्टाफरूममध्ये माझ्या तोंडून आईचं अवलक्षण निसटलं. झालं असं होतं, की शाळा तपासायला साहेब आले होते. सगळं पाहून झालं, गाडी सुरू झाली, आणि आमचे मुख्याध्यापक खिडकीशी वाकून म्हणाले, “सर, पीछे का एक कमरा रह गया.” त्या खोलीचं छत गळत होतं. साहेब उतरले, छत पाहिलं, आणि मग त्याच्या चौकशीचे कागद सगळी शाळा पुढचे कित्येक महिने भरत बसली. मी पटकन म्हणाले, “झालं अवलक्षण.” जबलपूरकडच्या मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “मतलब?” मी समजावलं. त्या म्हणाल्या, “अच्छा, आ बैल मुझे मार!”

आता हे काही मला पटेना. बैलाला बोलावलं की बैल बाहेरून येतो, शिंगं त्याची, मार त्याचा. आमच्याकडे बैलाची गरजच नाही. दारात ज्योतिषी आला आहे, त्यानं तुम्हाला काही विचारलेलं नाही, तो आपला पाणी पिऊन पुढच्या घरी चालला आहे. तुम्हीच ओट्यावरून उतरून त्याच्यापुढे हात पसरता, आणि तो म्हणतो, अरेरे. खोट हातात आधीपासूनच होती. काल रात्री त्याच हातानं तुम्ही आनंदानं वरणभात कालवला होता. पण आज ती चारचौघांत जाहीर झाली, आणि जाहीर करणारे तुम्हीच. हे सगळं मी मॅडमना हिंदीत सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “वही तो, आ बैल मुझे मार.” मी नाद सोडला.

आई मात्र या बाबतीत फार काटेकोर आहे. स्वतःचं नुकसान स्वतः करून घेणाऱ्या प्रत्येकाला ती अवलक्षण म्हणत नाही. शेजारच्या काकूंनी गाभण म्हैस विकली, आणि घेणाऱ्याच्या दारात ती आठवड्याभरात व्याली, तेव्हा मी उत्साहानं म्हणाले, “अवलक्षण!” आईनं मान हलवली. “हे नाही. हा पायावर धोंडा आहे.” माझ्या मामांनी लग्नाच्या पंगतीत जुन्या धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण उकरून काढलं, तेही तिनं नाकारलं, ते म्हणे खाजवून खरूज. अवलक्षणाला तिच्या लेखी एकच अट. झाकलेलं असावं, कोणाला दिसत नसावं, आणि तुम्ही स्वतः होऊन उघडून दाखवावं. ही अट सर्वांत चोख पाळणारा माणूस तिला घरातच मिळाला होता, हे सांगायला नको. ते आमचे बाबा.

बाबा तहसीलात बाबू होते. उभी नोकरी त्यांनी सरळ केली. पण सरळपणाचीही काही वेळकाळ असते, ती बाबांना कधी कळली नाही. मी लहान असताना आम्ही पॅसेंजरनं नागपूरला निघालो होतो. माझं अर्धं तिकीट काढलेलं. तिकीट तपासनीस आला, माझ्याकडे बघून हसला, तिकीट परत देऊन पुढे गेला. बाबा उठून त्याच्या मागे गेले आणि म्हणाले, “साहब, इसको पिछले महीने बारह पूरे हो गए.” काढताना त्यांच्या लक्षात नव्हतं, आता आलं, म्हणून सांगितलं. आईनं खिडकीकडे तोंड केलं आणि नरखेड येईपर्यंत फिरवलं नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी तर कहर. सौसरहून मंडळी मला पाहायला आली. बैठकीत पोहे गेले. रीत अशी, की पोहे कोणीही केलेले असोत, ते मुलीनं केलेले असतात. हे खोटं नाही, हा शिष्टाचार आहे, आणि दोन्ही बाजूंना तो माहीत असतो. सासूबाई म्हणाल्या, “पोहे मस्त झाले.” कोणी केले, हे त्यांनी विचारलं नव्हतं. बाबा लगेच म्हणाले, “शेजारच्या वहिनींनी केले आहेत. आमच्या पोरीचे इतके मोकळे होत नाहीत.” दाराआड आई उभी होती आणि आईच्या मागे मी. तिनं कपाळाला हात लावला आणि हलक्या आवाजात तो शिक्का मारला. लग्न तरीही जमलं. पण पोह्यांचा विषय निघाला की सासूबाई अजून म्हणतात, “तुझ्या वडिलांनी आधीच सांगितलं होतं बरं.”

तर असे बाबा निवृत्त झाले आणि शेतकरी व्हायला निघाले.

तिगावच्या बाजूला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. आमचा म्हणजे बाबांचा आणि त्यांच्या मोठ्या भावाचा मिळून. वडिलांच्या मोठ्या भावाला आमच्याकडे मोठेबाबा म्हणतात. बाबा फायलींत असताना ती झाडं मोठेबाबांनी वाढवली. आता त्यांचे गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि झाडंही त्यांच्यासारखीच थकली. आजूबाजूच्या लोकांनी संत्रं काढून कपाशी नाहीतर मका लावला. मोठेबाबांनीही ठरवलं होतं, की मशीन लावून झाडं पाडायची. बाबांनी हात जोडले. “दादा, एक बहार मले करून पाहू द्या.” आयुष्यात या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. नवं स्वेटरसुद्धा आईनं आणून अंगात घातल्यावरच त्यांना कळायचं.

मोठेबाबांनी विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, फेब्रुवारीतला आंबिया बहार नीट फुलला तर बगीचाही राहील आणि किल्लीही तुझ्याकडेच राहील. नाही फुलला तर मी मशीनवाल्याला बोलावीन, मग मला काही सांगायचं नाही. बाबा ती किल्ली पाकिटात ठेवून घरी आले, आणि जेवताना दोनदा काढून पाहिली.

संत्र्याचं एक अजब आहे. पाणी देऊन फुलत नाही, पाणी तोडल्यावर फुलतं. डिसेंबरात पाणी बंद करायचं आणि झाडाला तहानेनं पार कासावीस होऊ द्यायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, वळतात, पिवळी पडून काही गळतात. शेतकरी रोज जातो, पाहतो आणि काही करत नाही. काही न करणं, हेच काम. मग जानेवारीत पुरेसा ताण बसला की हलकं पाणी सोडायचं, आणि ते जीव मुठीत धरून बसलेलं झाड अंगभर फुलतं. मधेच कोणाला दया आली आणि त्यानं पाणी पाजलं, की झाड म्हणतं, चला, सगळं ठीक आहे. मग ते मजेत पानं काढतं. फूल नाही, नुसती हिरवीगार नवती.

हे बाबांना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रोज दुपारी त्या झाडांसमोर उभं राहणं वेगळं. बाबा स्कूटरवर कानाला मफलर गुंडाळून जात, आणि संध्याकाळी मला फोन करत. “झाडं माना टाकून राहिली गं.” मी म्हणायची, “टाकू द्या ना बाबा, तोच तर ताण आहे.” “हो. तोच आहे.” दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “आज तर लय पान गळलं.” मला हसू यायचं. निवृत्तीनंतर लोकांना नातवंडांचा लळा लागतो, यांना झाडांचा लागला होता.

एक दिवस फोन आईचा आला. ती फोन फार कमी करते. म्हणाली, “तुह्या बाबाच्या चपलेले चिखल हाय.”

“मग?”

“मंग काय? पाणी बंद, पाऊस नाही, ढेकळं फुटून राहिली उन्हानं. चिखल कुठून आला?”

आईचं बाबांना विचारून झालं होतं, आणि अर्थात बाबांनी सांगूनही टाकलं होतं. मोटरीच्या खोलीजवळची एक ओळ, तिच्या समोरच ते बसत. दुपारचा डबा उघडला की ती झाडं समोर. आपण घोट घोट पाणी पितो आणि ही अशी उभी, हे त्यांना सहन झालं नाही. हौदातून बादली भरायची आणि एकेका झाडाच्या बुडात ओतायची, असं रोज चाललं होतं. बाकीच्या बगीच्याला त्यांनी थेंबही दिला नाही. फक्त डोळ्यांसमोरची ती ओळ. मी आईला म्हणाले, “आता यावर तू काय म्हणालीस?” आई म्हणाली, “हा धोंडा आहे. अवलक्षण होऊ नाही द्यायचं, ते माह्याकडे लागलं.”

पुढचे दिवस आईनं ज्या बारकाईनं काढले, त्याला तोड नाही. बाबांचा डबा बंद झाला. जेवायला घरी यायचं. जानेवारीत पाणी सोडलं आणि फेब्रुवारीत बगीचा फुलला. खरंच फुलला. रस्त्यावरून जाणारा माणूस वास घेऊन सायकल हळू करी. आणि खोलीजवळची ती एक ओळ पोपटी पानं काढून मजेत उभी होती, एकही कळी नाही. त्या पांढऱ्या बगीच्यात ती लपण्यासारखी नव्हती. पण मोठेबाबांना लांबचं दिसत नव्हतं, आणि आईची सगळी भिस्त त्यांच्या मोतीबिंदूवर होती. ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. त्याआधी त्यांना आणून दाखवायचं, असं तिनं ठरवलं.

बेत असा. रविवारी बाबांनी मोठेबाबांना गावातून स्कूटरवर आणायचं, पण खोलीकडच्या वाटेनं नाही, पलीकडच्या धुऱ्यानं. बाज पलीकडेच टाकलेली असेल, फुललेल्या झाडांत. थर्मासातला चहा, सोबत चिवडा. बसले, वास घेतला, चहा प्याले, की परत. आणि बाबांनी तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं कलम सर्वांत कठीण होतं, हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं मला सौसरहून बोलावून घेतलं. “येता येता जामसांवलीले जाय. मारुतीले म्हण, आजच्या दिवस बाबाचं तोंड बंद ठेव.” मी गेले आणि अगदी याच शब्दांत म्हटलं. मारुतीपुढे रांगेत उभ्या असलेल्या बाकी लोकांच्या मागण्या याहून सोप्या असाव्यात.

आता इथे आमच्या घरातली एक रीत सांगावी लागेल. आई मोठेबाबांशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा, आणि जुन्या बायका भासऱ्याशी थेट बोलत नसत, डोक्यावर पदर घेऊन बाजूला होत. आता कोणी पाळत नाही, माझी पिढी तर भासऱ्याशी मोबाईलच्या रिचार्जवरून वाद घालते. पण आईनं लग्न झालं तेव्हापासून पाळलं ते पाळलंच. लहानपणी त्या दोघांमधला टेलिफोन मी होते. मोठेबाबा समोर बसलेले, आई दारात, आणि आई मला म्हणायची, “मोठेबाबाले विचार, भाकर वाढू काय.” मी विचारण्याआधीच मोठेबाबा मला म्हणायचे, “आईले सांग, अर्धी दे.” मी दोघांकडे नुसती बघत राहायची. मधे बोलायला मला जागाच नसे.

रविवारी सगळं आईच्या बेतानं झालं. मी आणि आई ऑटोनं आधी पोचलो, बाज टाकली. बाबा पलीकडच्या धुऱ्यानं मोठेबाबांना घेऊन आले, हात धरून बसवलं. मोठेबाबा काठी पायांत धरून, मान वर करून बसले. मधमाश्यांचा आवाज येत होता. मग म्हणाले, “फुलला गा, लहान्या. रस्त्यापासूनच वास येऊन राहिला होता, मले वाटलं दुसऱ्याचा असन.”

बाबा हसले. इतके सुंदर हसले की मी आईकडे पाहिलं. आई पदराआडून मला खुणावत होती, चहा काढ, लवकर काढ.

मोठेबाबा पुढे म्हणाले, “राहू दे मंग. मशीनवाल्याले मी नाही म्हणतो. किल्ली ठेव तुह्यापाशीच.”

झालं होतं. बगीचा राहिला होता. मी थर्मासचं झाकण फिरवत होते, आणि मला वाटलं, जामसांवलीच्या मारुतीनं ऐकलं. तेवढ्यात बाबांनी खिशातून पाकीट काढलं. पाकिटातून किल्ली काढली आणि बाजेवर, मोठेबाबांच्या मांडीजवळ ठेवली.

“दादा, खोलीजवळची ओळ फुलली नाही.”

“काऊन?”

“मी पाणी देल्लं. ताणात. बादलीनं.”

मोठेबाबांनी मान त्यांच्याकडे वळवली. “एखाद्या दिवशी?”

“रोज. पाहवत नव्हतं.”

आईनं कपाळाला हात लावला. माझ्याकडे पाहून ती ओठ हलवणार, हे मला ठाऊक होतं, आणि कोणता शब्द, तेही. पण ओठ हलले नाहीत. ती मोठेबाबांच्या हाताकडे पाहत होती. तो हात बाज चाचपत होता, आणि किल्ली सापडल्यावर तिच्यावर मिटला.

“मंग तुह्याच्यानं नाही होणार,” मोठेबाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. “यंदा एक ओळ, पुढच्या साली दोन. झाड राखाले मन दगडाचं लागते, लहान्या. तुहं नाही. मशीनवाला येऊ दे.”

बाबांनी मान हलवली, जणू साहेबांनी फाईल परत केली आणि चूक त्यांना मान्य होती. मला त्यांचा भयंकर राग आला. अहो, सगळं झालं होतं ना! दोन घोट चहा आणि परत जायचं, एवढंच उरलं होतं! तो राग मी गिळला, कारण त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

तेव्हा आई उठली. मला वाटलं चहा द्यायला. ती बाजेसमोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंड सरळ मोठेबाबांकडे होतं. त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे ठरवायची तिच्यावर इतक्या वर्षांत वेळच आली नव्हती. म्हणून तिनं हाक मारलीच नाही.

“एक ओळ गेली,” ती म्हणाली. “बाकी बगीचा फुलला, तो कोणं राखला? त्यायनंच राखला ना? त्या झाडायले त्यायनं थेंब नाही देल्ला.”

मोठेबाबा दचकले. आवाज कुठून आला, हे पाहायला त्यांनी मान इकडेतिकडे केली.

“तुम्हाले ते दिसत नव्हतं,” आई थांबली नाही. “मी तं मुद्दाम बाज इकडे टाकली, तुम्हाले दिसू नाही म्हणून. तो सारा बेत माहा आहे. दुसरा कोणी असता तं चूप बसून च्या प्याला असता. नाही तं म्हणला असता, कीड लागली. त्यायनं सांगतलं. अन् खरं सांगतलं म्हणून तुम्ही हातची किल्ली काढून घेऊन राहिले? मंग या घरात पुढं कोणी खरं बोलन काय?”

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “पुढच्या ताणाले मी संग येईन. रोज येईन. बादली माह्याजवळ राहीन. झाडं पाडू नका.”

बाबा आईकडे असे बघत होते, जणू ही बाई त्यांना आजच कोणी दाखवली. मला हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि हातातल्या पेल्यातला चहा सांडून माझ्या बोटांवर येत होता.

शेवटी मोठेबाबा माझ्याकडे वळले. माझ्याकडे म्हणजे थर्मासचा आवाज आला होता त्या अंदाजानं. “तुह्या आईले विचार,” ते म्हणाले, “च्या देते काय? की निसती भांडाले आणलं मले?”

मी तोंड उघडायच्या आत आईनं माझ्या हातातून पेला घेतला आणि पुढे केला. तो धरायला मोठेबाबांना हात मोकळा हवा होता. त्यांनी चाचपून बाबांचा हात शोधला, त्यावर किल्ली ठेवली, आणि चहा घेतला.

चहा झाल्यावर बाबा त्यांना गावात सोडायला गेले. मी आणि आई बाज उचलून खोलीकडे निघालो. वाटेत ती हिरवी ओळ लागली. आई बाज खाली ठेवून त्या पानांकडे पाहत उभी राहिली. मला राहवेना.

“आई,” मी म्हणाले, “बाबांना तू जन्मभर नावं ठेवलीस. आज तर त्यांनी सर्वांत मोठं अवलक्षण केलं, आणि तू काही म्हणालीच नाहीस?”

“म्हणीन ना. घरी गेल्यावर पाहजो कशी म्हणते ते.” तिनं पदर डोक्यावरून खाली घेतला आणि मान पुसली. “पण ते मी म्हणीन. दुसऱ्यानं नाही म्हणायचं.”

“पण तुला राग नाही आला? सगळं जमलं होतं!”

“आला ना. लय आला.” ती एक पान तोडून बोटांत चुरडत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “माह्या बहिणी हाय, शेजारणी हाय, साऱ्यायचे संसार मी पाहून राहिली. नवरा बोलला की त्यातलं खरं किती अन् खोटं किती, हे निवडण्यातच बायायचं आयुष्य गेलं. मी बाप्पा जन्मभर निसते तांदूळ निवडले.”

धुऱ्याकडून स्कूटरचा आवाज आला. आईनं बाजेचं आपल्या बाजूचं टोक उचललं आणि मला म्हणाली, “उचल न वं.”